थेंब न गळणारी कुंडी

प्रल्हाद सोनटक्के कोणतीही वस्तू हातात घेण्याआधी वाकवलेल्या बोटाने ठोकून पाहत. कलिंगड, हेल्मेट, गॅसची टाकी, नव्याने गिलावा केलेली भिंत. एका वर्षी सोसायटीच्या चेअरमननी उत्सवासाठी आणलेली गणपतीची मूर्तीही त्यांनी ठोकून पाहिली होती. ठोकले की मान डावीकडे कलायची, डोळे मिटायचे आणि क्षणभराने निकाल यायचा. मूर्तीचा निकाल "चांगली वाळलीय" असा आला, म्हणून प्रकरण वाढले नाही.

आकुर्डीतल्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचे आणि माझे दार समोरासमोर होते. सोनटक्के लातूरकडचे. तरुणपणी कामासाठी इकडे आले, आधी चिंचवड गावठाणात एका खोलीत राहिले, नंतर इथे. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये ते डाय बदलणाऱ्या टोळीचे प्रमुख होते. डाय म्हणजे पोलादी साचा. त्यात पत्रा दाबला की गाडीचा दरवाजा किंवा बॉनेट तयार होते. एक भाग पुरेसा निघाला की साचा काढून दुसरा बसवायचा, आणि तो एखाद्या लहान खोलीएवढा असतो. हे काम करणारा माणूस घाईत चालणारा असेल अशी माझी समजूत होती. सोनटक्के मात्र जिना चढतानाही प्रत्येक पायरीची ओळख असल्यासारखे चढत.

त्यांच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे. त्यामुळे जगातली सगळी कामे त्यांनी दोन प्रकारांत विभागली होती. कुणी मिक्सर घेऊन आले, नळ गळतो म्हणाले, मुलीच्या लग्नाविषयी सल्ला मागायला आले, तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "हे आजचं आहे का गुरुवारचं?" विचारणारा बहुतेक वेळा अडखळत असे. विचार केल्यावर काम गुरुवारचे निघे, आणि गुरुवार येईपर्यंत अर्धी कामे आपोआप मिटलेली असत.

एकदा चेअरमन हिंगे लिफ्टमध्ये अडकले. लिफ्ट पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या मध्ये थांबली होती. आतून हिंगे यांचा आवाज येत होता. "सोनटक्के, लवकर करा. मला महापालिकेत मीटिंग आहे."

"श्वासाला त्रास होतोय का?"

"नाही."

"चक्कर?"

"नाही हो."

"मग लिफ्ट आजची, मीटिंग गुरुवारची. बसा खाली मांडी घालून."

दाराच्या फटीतून त्यांनी आत वर्तमानपत्र सरकवले. ते माझ्या घरचे होते आणि त्यात पाणीकपातीवरची माझी बातमी होती. सोनटक्केंनी शांतपणे लिफ्ट सुरू केली. हिंगे बाहेर आले ते त्या बातमीतल्या दोन उणिवा सांगतच.

कंपनीत त्यांना काम करताना मी एकदाच पाहिले. चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांवर लिहायचे होते, म्हणून आम्हा काही बातमीदारांना आत नेले होते. साचा उचलायची वेळ आली तेव्हा सोनटक्के साऱ्या टोळीला म्हणाले, "हात मागं." सगळ्यांनी हात पाठीमागे बांधले. पाहुण्यांनीही. मग सगळे काहीही न करता त्या यंत्राकडे नुसते पाहत राहिले. साखळी, बोल्ट, फरशीवरचे तेल, माणसांचे पाय. मिनिटभराने एक जण म्हणाला, "भाऊ, त्या कोपऱ्यात पाना राहिलाय." सोनटक्केंनी मान हलवली, पाना उचलला गेला, आणि मगच काम सुरू झाले. हात मोकळे असले की माणूस बघत नाही, करायला लागतो, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांच्या घरी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात रबराचे झाड होते. मंगलकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, चिंचवडच्या त्या खोलीत असताना घरमालकिणीकडून एक फांदी मागून आणली होती आणि कान तुटलेल्या कपात लावली होती. पुढे कपाचा डबा झाला, डब्याची बादली झाली, बादलीची सिमेंटची मोठी कुंडी झाली. आता झाडाचा शेंडा छताजवळ पोचला होता आणि एक फांदी टीव्हीसमोर आली होती. क्रिकेटचा स्कोअर बघायचा तर एक पान हाताने वर उचलावे लागे. पाहुण्यांना चहाच्या आधी हे काम मिळत असे. फांदी छाटण्याचा विषय त्या घरात निघत नव्हता. काकू दर आठवड्याला ओल्या फडक्याने एकेक पान पुसत, आणि पुसताना त्यांच्याशी कुणी बोललेले त्यांना चालत नसे.

सोनटक्के जानेवारीअखेर निवृत्त होणार होते. त्यांची मुलगी वर्षा सांगवीला राहते. तिला वैशाखात बाळ होणार होते. तिच्याच इमारतीत तळमजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा झाला आणि सोनटक्केंनी तो ठरवून टाकला. बाळ येण्याआधी तिकडे राहायला जायचे, इतका साधा बेत होता. काकूंना तो कळला तेव्हा त्यांनी नकार दिला नाही. त्यांनी अट घातली.

"जाऊ की," त्या म्हणाल्या. "पण झाड आधी."

अडचण खरी होती. कुंडीच्या तळच्या भोकातून मुळे बाहेर आली होती आणि खालच्या ताटलीला घट्ट धरून बसली होती. कुंडीला एका बाजूने बारीक तडा गेला होता. वरून पाणी घातले की माती न भिजवता ते सरळ ताटलीत उतरे. अशा कुंडीसकट झाड टेम्पोत चढवले असते तर वाटेतच तिचे तुकडे झाले असते. म्हणजे कुंडी इथेच बदलायला हवी होती. पण काकूंचे म्हणणे एवढ्यावर थांबत नव्हते.

"कुंडी बी नवी आन् घर बी नवं, दोन्ही एकदम झेपत नाही. नव्या कुंडीत हिथं एक नवं पान फुटू दे. पान दिसलं की मी पहिला डबा बांधते."

"आणि नाही फुटलं तर?" सोनटक्केंनी विचारले.

"मग तुम्ही जावा. मी येते मागनं."

वर्षाने फोनवर ऐकले आणि ती वैतागली. "आई, झाडासाठी बाळ थांबणार आहे का?"

"बाळ नऊ महिने घेतंय ते चालतंय तुला. झाडानं दोन महिने घेतले तर काय बिघडलं?"

इतकी वर्षे त्या घरातल्या वस्तूंचे निर्णय सोनटक्केंनी ठोकून दिले होते. या वेळी निर्णय एका पानावर गेला होता.

कुंडी केव्हा बदलायची यावर मग मजल्यावर महिनाभर चर्चा चालली. हिंगे यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ आणून दाखवला. त्यात एक हसतमुख तरुण झाड बुंध्याला धरतो, उपसतो आणि दुसऱ्या कुंडीत ठेवतो. सोनटक्केंनी तो दोनदा पाहिला. "ह्याच्यात घाम दिसत नाही कुठं," ते म्हणाले. "मधलं कापलंय." हिंगे यांचे मत असे की काम उरकून टाकावे आणि कुंडी चांगली दांडगी घ्यावी, म्हणजे पुन्हा ताप नको. सोनटक्केंनी दोन्ही सूचना फेटाळल्या. थंडीत झाडाची वाढ थांबलेली असते. "झोपलेल्याचं अंथरूण ओढू नये. जागं होऊ द्या." आणि दांडग्या कुंडीत मुळे पोचत नाहीत तिथली माती ओली राहते, पाणी साचते, मुळे कुजतात. चारी बाजूंनी चार बोटे जागा मोकळी राहिली की पुरे. हे सगळे ते अगदी बरोबर बोलत होते, आणि पुढे जे घडले ते लक्षात घेता ही गोष्ट नोंदवून ठेवायला हवी.

जानेवारीत ते निवृत्त झाले. आता रोजच सुट्टी होती, पण गुरुवार सुटला नाही. एका गुरुवारी सकाळी त्यांनी आम्हा शेजाऱ्यांना बोलावून झाडाभोवती उभे केले आणि म्हणाले, "हात मागं." हिंगे, काकू, मी, सगळे हात बांधून रबराच्या झाडाकडे पाहत राहिलो. काकूंच्या लक्षात आले की झाड किंचित खिडकीकडे कलले आहे. माझ्या लक्षात काहीही आले नाही. हिंगे म्हणाले, पंखा लागतोय शेंड्याला. सोनटक्केंनी कुंडी ठोकली, डोळे मिटले. "माती उरलीच नाही आत. नुसती मुळं बोलायलीत." काम होळीनंतरच्या गुरुवारी करायचे ठरले. तोवर ऊन तापले असते आणि झाडही जागे झाले असते.

राहिली नवी कुंडी. सिमेंटची जड, मातीची फुटणार, प्लास्टिकची त्यांना वस्तू वाटत नसे. शेवटी त्यांनी स्वतः ड्रॉइंग काढले. स्टेनलेस स्टीलची कुंडी, काठाला गोलाई, उचलायला दोन कान, खाली चार चाके, चाकांना लॉक. ते ड्रॉइंग त्यांनी चिखलीच्या तापकीर अण्णांकडे नेले. अण्णांचे घराणे तिथले जुने शेतकरी. शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी फॅब्रिकेशन सुरू केले आणि आता अर्ध्या पट्ट्यातल्या यंत्रांसाठी तेलाच्या आणि कूलंटच्या टाक्या ते बनवत. अण्णांनी कुंडी स्वतः वेल्डिंग करून आणली. पॉलिश असे की हिंगे यांनी तिच्यात भांग सारखा केला.

"आमी कुंडी कदी केली न्हवती," अण्णा म्हणाले. "पन काम काम हाय. थेंब न्हाई गळायचा, भाऊ. गळला तर मिशी उतरवीन."

"टेस्ट करू," सोनटक्के म्हणाले.

"करा की. आमी काय भितो व्हय?"

कुंडी गच्चीवर नेली. काठोकाठ पाणी भरले. पाण्याच्या पातळीला आतून मार्करने रेघ मारली. खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायला आम्ही चौघे वर गेलो. पाणी रेघेला लागून होते. कागद कोरडा होता. सोनटक्केंनी वेल्डिंगच्या सगळ्या जोडांवरून बोट फिरवले, खिशातून हिरवे स्टिकर काढले, त्यावर 'ओके' लिहून सही केली आणि कुंडीला चिकटवले. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. हिंगे यांनी टाळी वाजवली. मीही वाजवली.

होळीनंतरचा गुरुवार आला. काकूंनी आदल्या दिवशी झाडाला पाणी घातले होते, म्हणजे मुळे ताणली जाणार नाहीत. दिवाणखान्यात जुन्या साड्या अंथरल्या. बागेतली माती, शेणखत आणि नारळाचा भुसा यांचा ढीग गॅलरीत तयार होता. सोनटक्केंनी छिन्नी हातोडी घेतली आणि जुनी कुंडी, केळ्याची साल सोलावी तशी, तुकड्या-तुकड्याने उतरवली. एकही घाव मोठा नव्हता. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा आत मुळांचा गोळा हुबेहूब कुंडीच्या आकाराचा उभा होता. तळची गोलाईसुद्धा उमटली होती.

"बघा," सोनटक्के आनंदाने म्हणाले, "साचा काढला आन् पार्ट कसा आलाय."

काकू गोळ्याच्या कडेची मुळे बोटांनी हलक्या हाताने सोडवू लागल्या. मध्येच त्यांचा हात थांबला. मुळांच्या जाळीत एक स्टीलचा चमचा अडकला होता. त्यांनी तो ओढून काढला, पदराने पुसला आणि सोनटक्केंना दाखवला. वर्षाला व्हिडिओ कॉल लागला.

"हा चमचा ओळखलास का?"

"आई," वर्षा पलीकडून म्हणाली, "ह्याच चमच्यासाठी मला मार बसला होता. मी तेव्हाच सांगत होते, मी हरवला नाही."

"हरवला नाहीस. पुरलास."

सगळे हसले, वर्षाही. मग सोनटक्केंनी उचलायची खूण केली. आम्ही तिघांनी मुळांचा गोळा पोत्यावर तोलून उचलला. चकचकीत कुंडी खाली तयार होती. झाड तिच्या तोंडावर आले आणि काकू सहज म्हणाल्या, "आन् पाणी कुठनं जायचं?"

सगळ्यांनी कुंडीत वाकून पाहिले. तळ आरशासारखा होता. त्यात आमचे सगळ्यांचे चेहरे दिसत होते. भोक नव्हते.

झाड हातावर तसेच होते. "ठेवा," सोनटक्के म्हणाले, "दिवाणावर ठेवा." रबराचे झाड, मुळांना ओले पोते गुंडाळून, दिवाणावर उशीला टेकून आडवे झाले. सोनटक्के कुंडीजवळ खाली बसले. मला वाटले ते चिडतील. ते स्वतःच्याच ड्रॉइंगकडे पाहत होते. कानांची जाडी होती, चाकांचा व्यास होता, काठाच्या गोलाईचे माप होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"टाकी केली की ओ मी," ते म्हणाले. "पाणी साचू नये म्हणून महिनाभर सगळ्यांना शिकवत फिरलो आन् टाकी केली."

हिरवे स्टिकर त्यांनी स्वतःच्या नखाने काढले. जागेवर पिवळे लावले आणि त्यावर लिहिले, 'रिवर्क'.

अण्णांना फोन गेला. ते मोटारसायकलवर ड्रिल बांधून आले आणि काय करायचे ते ऐकल्यावर दारातच उभे राहिले.

"भोक? टाकीला?"

"कुंडीला, अण्णा."

"जलम गेला भोकं बुजवण्यात. मुद्दाम भोक पाडायची ही पयलीच बारी." त्यांनी काकूंकडे पाहिले. "वैनी, तुमी सांगितलं आसतं तर."

"मला कुठं दाखवलं? तुम्ही गच्चीवर टाळ्या वाजवत होता."

"ड्रॉइंगमधी न्हवतं," अण्णा सोनटक्केंना म्हणाले.

"ड्रॉइंग माझं. चूक माझी."

"न्हाई, पन मला कळाय पायजे हुतं. शेतकऱ्याचा पोर मी. चूक माजी."

चूक कोणाची यावर दोघे पुष्कळ वेळ भांडले. कुणीही माघार घेईना. मधल्या काळात काकूंनी झाडाच्या मुळांवर पाणी शिंपडले आणि सगळ्यांना चहा दिला. मग अण्णांनी कुंडी गच्चीवर पालथी घातली. एकदा पटल्यावर त्यांच्यातला कारागीर गप्प बसेना. कुठेतरी भोक पाडणे त्यांना मंजूर नव्हते. तळाचा मध्य काढला, कंपासने वर्तुळ आखले, वर्तुळावर सारख्या अंतराने खुणा केल्या आणि तेल सोडत, हळू वेगाने, एकेक भोक पाडले. प्रत्येक भोकाची कड कानशीने घासली. "बोट फिरवा," ते सोनटक्केंना म्हणाले. सोनटक्केंनी फिरवले. पिवळे स्टिकर निघाले.

दुपारी झाड कुंडीत बसले. जुन्या कुंडीचे तुकडे भोकांवर उलटे ठेवले. बुंध्यावर मातीचा जुना डाग होता, तिथपर्यंतच नवी माती भरली. त्याच्या वर नाही, खाली नाही. काकूंनी तांब्याने पाणी घालायला सुरुवात केली. एक तांब्या, दुसरा. कुंडीखाली परात ठेवली होती. सोनटक्के, अण्णा आणि हिंगे फरशीवर पालथे पडून, गाल जमिनीला टेकून, कुंडीच्या पोटाखाली पाहत होते. मग परातीत टपकन काही पडले.

"गळतंय," अण्णा म्हणाले. पहिल्यांदा हलक्या आवाजात, मग मोठ्याने. "गळतंय बरं का. भाऊ, गळतंय."

आपल्या हातची टाकी गळते याचा आनंद एखाद्या माणसाला इतका झालेला मी दुसऱ्यांदा पाहणार नाही.

त्यानंतर वाट पाहणे सुरू झाले. झाडाने पहिल्या आठवड्यात चार-पाच पाने टाकली. काकू ती पाने उचलून कुंडीतच ठेवत. पाडवा आला आणि गेला. पाडव्याला सांगवीच्या घरी जायचे, हा सोनटक्केंचा मूळ बेत होता. त्या दिवशी गुढी आकुर्डीतच उभारली. हिंगे यांनी खत सुचवले, ताक सुचवले, उरलेला चहा सुचवला. सोनटक्केंनी सगळे नाकारले. "आत्ताच ऑपरेशन झालंय. जेवणाचं ताट कशाला पुढं करायलाय?" पण त्यांचा धीर सुटत चालला होता. एकेक मूळ हलक्या हाताने सोडवताना पाहिलेला हा माणूस आता सकाळी दात घासायच्या आधी शेंड्याकडे पाहत उभा राही. वर्षाचा फोन आला की गॅलरीत जाऊन बोले. घरात एकही डबा बांधलेला नव्हता. काकू लोणच्याच्या कैऱ्या आणत होत्या.

एका सकाळी मी त्यांच्याकडे वाटी परत द्यायला गेलो. सोनटक्के दूध आणायला गेले होते. दार उघडे होते. काकू कुंडीपाशी ओणव्या होऊन पायाने चाकाचे लॉक काढत होत्या. त्यांनी कुंडी हळूच अर्धी फिरवली आणि लॉक परत लावले. बाजूची एक फांदी खिडकीकडे होती, ती आता भिंतीकडे गेली. त्या फांदीच्या टोकाला लाल, टोकदार, मिरचीएवढा कोंब होता. रबराचे नवे पान अशाच लाल आवरणात गुंडाळलेले येते.

काकूंनी मला पाहिले. त्या दचकल्या नाहीत.

"इतक्यात बोलू नका," त्या म्हणाल्या. "चैत्राचं हळदीकुंकू ह्याच घरात करायचंय. सगळ्यांना ह्याच घरात बोलवायचंय. मग दिसू दे त्यांना."

मी वाटी ठेवली आणि निघालो. बातमी मिळूनही न देण्याची ही माझी एकमेव वेळ असेल.

दोन दिवसांनी जिन्यात सोनटक्के भेटले. त्यांनी मागे-पुढे पाहिले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पान आलंय," ते म्हणाले.

मी कठड्यावरची धूळ पुसू लागलो.

"भिंतीकडं फिरवलंय तिनं. चाकाचं लॉक मी खिडकीच्या अंगाला ठेवत असतो, ते उलटं झालंय. मग बघितलं वाकून." ते दोन पायऱ्या चढले आणि थांबले. "हळदीकुंकू करायचंय तिला. मला म्हणाली असती तर मी नको म्हणालो असतो का? पण मी सारखा त्या पोरीचं, सांगवीचं काढत बसलो. कसं म्हणणार ती."

"मग आता?"

"आता काय. हे गुरुवारचं आहे."

पुढचे काही दिवस एकाच घरात दोन माणसे एकच पान एकमेकांपासून लपवत होती. सोनटक्के रोज शेंड्याकडे पाहून मोठ्याने सुस्कारा टाकत. काकू "येईल हो" म्हणत. दोघेही कमालीचे आनंदात होते.

हळदीकुंकू झाले. दिवाणखान्यात चैत्रगौर बसवली होती, पुढे कलिंगडाच्या फोडी, कैरीची डाळ, पन्ह्याची पातेली. गौरीच्या मागे झाड उभे होते. सोसायटीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या, चिंचवड गावठाणातली घरमालकीणही नातवाच्या गाडीवर आली होती. पुरुषांना पन्ह्यापुरता गॅलरीत प्रवेश होता. गर्दी भरात असताना काकू उठल्या, चाकाचे लॉक काढले आणि सगळ्यांदेखत कुंडी फिरवली. तोपर्यंत लाल आवरण गळून पडले होते. आतले पान पूर्ण उघडले होते, तांबूस हिरवे, तेल लावल्यासारखे.

"पान फुटलंय," काकूंनी जाहीर केले.

सोनटक्के गॅलरीतून आत आले आणि त्यांनी आश्चर्य व्यक्त केले. त्यांना अभिनय अजिबात जमत नव्हता. "अरे वा," ते म्हणाले, "कधी आलं म्हणायचं हे?" काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांना कळले, आणि त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की हातातला करंडा घरमालकिणीला धरावा लागला. बायकांनी झाडालाही हळदकुंकू लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या दारातून चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला. पहिला डबा बांधला जात होता.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या गुरुवारी टेम्पो आला. झाड लिफ्टमध्ये मावत नव्हते. अण्णांनी शेडवरची माणसे आणली, आणि ते झाड जिन्यातून वरातीसारखे उतरले. काकूंनी त्याला जुन्या पातळात गुंडाळले होते. नवे पान तेवढे बाहेर ठेवले होते. काकू देव्हारा मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसल्या. हिंगे सूचना देत होते. सोनटक्के मागे, गाद्यांच्या ढिगाशेजारी, झाडाला धरून उभे राहिले.

सोसायटीच्या फाटकावर नावाची लोखंडी कमान आहे. टेम्पो तिच्यापाशी आला आणि थांबला. झाड कमानीहून उंच भरत होते. ड्रायव्हर म्हणाला, "काका, वरचं थोडं कापा ना." सोनटक्केंनी चाकांची लॉक तपासली, गाद्या पसरल्या, कुंडी दोन्ही हातांनी हळूहळू आपल्याकडे कलती केली आणि तिच्याबरोबर स्वतःही गादीवर उताणे झाले. बुंधा त्यांच्या छातीवर आला, पाने तोंडावर. आता ते कुणालाच दिसत नव्हते.

काकूंनी केबिनच्या खिडकीतून मागे वाकून विचारले, "पान नीट आहे का?"

"आहे," पानांच्या आतून आवाज आला. "माझ्या नाकावर आहे."

मग त्या हिरव्या ढिगातून एक हात वर आला. तळवा खाली करून त्याने ड्रायव्हरला खूण केली: हळू. टेम्पो पुढे सरकला. कमान वरून गेली. हात तसाच वर राहिला, हळू, हळू म्हणत, वळणापर्यंत.